ताकाचे दोन रुपये

सिंदेवाहीत गेट-ग्रिलचं वेल्डिंग करणारा डोमा स्वतःला फार हिशेबी माणूस समजत असे. बाकीचे लोक परदेशी डोळे मिटून जातात, आपण मात्र सगळं तोलूनमापून जाणार, असं तो दुकानात येईल त्याला सांगायचा. लोकही मान डोलवायचे, कारण गेट त्यांना अर्ध्या उधारीवर हवं असायचं.

निमित्त होतं शेजारच्या दिनेशचं. नीलाबाईचा हा एकुलता एक मुलगा चार वर्षांपासून मस्कतला होता. त्यानं फोनवर कळवलं की कंपनीत वेल्डरची जागा निघाली आहे, पगार इथल्या कमाईच्या चौपट, आणि साहेब माझ्या शब्दावर माणूस घेतो. पुढच्या रविवारी एसटीडी बूथवर ये आणि हो की नाही ते सांग. डोमाला जायचं होतं. घराचं गळकं छप्पर उतरवून वर स्लॅब टाकायचा, हे त्याचं जुनं स्वप्न होतं. गिरजाला मात्र नवऱ्यानं समुद्रापलीकडे जाणं मुळीच पसंत नव्हतं, पण ती तसं बोलली नाही.

"पगार चौपट हाय, पण तिथी समदं विकत घ्या लागते म्हणते," डोमा म्हणाला. "मंग आधी इथला खर्च काढा लागन."

"इथी कोणता खर्च? तांदूळ शेतातला, मासे माह्या भावाच्या बोडीतले, ताक नीलाबाईचं."

"तेच तं! फुकटाचा हिशेब लावाचा कसा? आजपासून आठ दिवस आपल्या घरी काईच फुकट येनार नाई. जे येईल त्याचे पैसे द्याचे. मंग समजन सिंदेवाही किती महाग हाय थे."

गिरजानं खात्री करून घेतली. "कोनालेबी द्याचे?"

"कोनालेबी."

"बरं," ती म्हणाली. आजवर ती कोणत्याही गोष्टीला इतक्या लवकर कबूल झाली नव्हती. हिशेबी माणसाच्या हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बिरजू नेहमीसारखे बोडीतले, म्हणजे शेतातल्या तळ्यातले, मासे घेऊन आला. गिरजानं त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. बिरजू कधी नोटेकडे, कधी बहिणीकडे बघत राहिला.

"काऊन बाई, डोमा भाटव्यानं मले तोडलं का?"

"मले काय पुसतं? त्याह्यचा हुकूम हाय."

बिरजू मासे आणि नोट ओसरीवर टाकून निघून गेला. मागच्या घरच्या म्हातारीला अंबाडीच्या भाजीचा रुपया मिळाला, तेव्हा तिनं तो अख्ख्या आळीला दाखवला. गावात अशी पै-पै चुकती कोण करतं? एक तर संबंध तोडणारा, नाही तर गाव सोडून पळणारा! बातमी बाजारापर्यंत गेली आणि दोन दिवसांत गेटसाठी पैसे देऊन ठेवलेली माणसं दुकानापुढे उभी राहिली.

"डोमाभाऊ, गेट राहू द्या, आमचे पैसे वापस करा."

डोमानं पैसे परत केले आणि तेही सिंदेवाहीच्या खर्चात धरले. गाव त्याला वाटलं होतं त्याहून खूपच महाग निघालं.

शनिवारी गिरजा ताकाचे दोन रुपये नीलाबाईला देऊन आली. नीलाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "माह्या दिनेशच्या वाटचं ताक हाय थे. थो नाई म्हणून तुमाले देत होती." गिरजाला हे घरी सांगतानाच कसंतरी झालं. डोमानंही भाताचं ताट बाजूला सारलं, पण उद्या तर फोन होता, आणि मांडलेला हिशेब अर्ध्यावर कसा सोडायचा?

रविवारी बूथवर नीलाबाई आधीच बसलेली होती. मुलाशी ती बराच वेळ बोलली आणि मग डोमाकडे न बघताच तिनं रिसीव्हर पुढे केला आणि घरची वाट धरली.

"डोमाभाऊ, मायले ताकाचे पैसे देल्ले म्हणते तुमी?"

"अरे, मी खर्च काढून राह्यलो होतो. तिथल्या खर्चासंग जुळवाले."

"पुसलं असतं तं सांगतलं असतं ना! इथी आमी अकरा जनं एका खोलीत राह्यतो. मीठ, तेल, साबन, समदं एकमेकाचंच वापरतो. जो पैसे मोजते त्याच्यासंग कोनी राह्यत नाई. आता माय हो म्हणन तंच मी सायबाजवळ तुमचं नाव घेईन."

म्हणजे चौपट पगार आणि खर्च सिंदेवाहीसारखाच! डोमा तसाच घरी धावला आणि नीलाबाईला राजी करायला लोटा घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"बाई, ताक द्या जी."

नीलाबाईनं लोटा काठोकाठ भरला आणि हात पुढे केला. "पाच रुपये."

"काल तं दोन होते!"

"काल सिंदेवाहीचं होतं. आज मस्कतचं हाय."

आणि आठवडाभराच्या सवयीनं डोमाचा हात खिशात गेला.

नीलाबाई हसली नाही. "दिनेशले सांगीन," ती म्हणाली, "का डोमा अजून शिकून राह्यला."

त्या पावसाळ्यात डोमा घरीच होता आणि छप्पर पुन्हा गळलं. गिरजानं धारेखाली ताकाचं पातेलं ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र स्लॅब टाकून झाल्याचं समाधान होतं.