बेटावरची पथारी

पोराला परमुलखात रुळवणं म्हणजे काही फार मोठं काम नव्हे, असं दगूबाईचं ठाम मत होतं. कोरीट गावच्या दगूबाईनं स्वतः सुरतेपलीकडचा मुलूख पाहिलेला नव्हता, पण तेवढ्यासाठी मत ठाम नसावं असं थोडंच आहे! नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे जिथं ओली मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात तिथं, ती मुकादम होती. भांडणाऱ्या बायकांना एका ओळीत बसवून मुकाट देठं खुडायला लावणारी बाई ती. तिला एक पोरगा रुळवणं काय अवघड?

पोरगा म्हणजे ईश्वर. एसी दुरुस्तीचं काम शिकलेला. सुरतेची नोकरी सोडून आला, मग पुण्याची सोडून आला, आणि आता सेंट लुसिया नावाच्या कॅरेबियन बेटावर एका हॉटेलात लागला होता. सगळ्या भाऊबंदांचा विरोध पत्करून दगूबाईनंच त्याला धाडलं होतं. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे हॉटेलवाले लवकरच ठरवणार होते. याही खेपेला तो परत आला असता, तर दगूबाईला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आणि ईश्वरचा तर रोज फोन!

"माय, आठे सकायमा कच्ची केळी उकाडीसन देतस. वरतीन खारा मासा!"

"मंग खाय ना!"

"माय, गाडीमा चढताना समदास्ले गुड मॉर्निंग म्हननं पडस. नही म्हनं तर लोके तोंड फिरावतस."

"मंग म्हन ना! जीभ झिजस का तुन्ही?"

"माय... मी येऊ का परत?"

हे ऐकलं की दगूबाई फोनच ठेवून द्यायची. पण रोग तिनं बरोबर ओळखला होता. पोराच्या ताटात चटणी नव्हती! मिरची बेटावर मिळत होती, पण ती बुटकी आणि गुबगुबीत. ईश्वरनं ती फोनवर दाखवली तेव्हा दगूबाईची जोडीदारीण बेबीबाई खो खो हसली. "काय व माय, ही मिरची शे का टमाटा?"

"कशी बी ऱ्हावो. उनमा टाक अन् चटणी कर," दगूबाईनं हुकूम सोडला.

पण बेटावर ऊन टिकेना, घटकाभरानं सर यायची. दगूबाईनं विचार केला. "तुन्हा हाटेलवर गरम वारा कोठे निंघस का?"

"गच्चीवर निंघस ना. एसीना डब्बा गरम वारा फेकतस."

"मंग त्यास्ना म्होरे टाक!"

झालं! हॉटेलच्या गच्चीवर चादर अंथरून ईश्वरनं पथारी घातली. मिरची खडखडीत वाळली. नंदुरबारला दिवेलागण झाली होती, बेटावर सकाळ होती. पथारीवरच्या साऱ्या बायका फोनभोवती गोळा झाल्या.

"आते काठी ले अन् बडाव!" दगूबाईनं सांगितलं.

ईश्वरनं बडवायला सुरुवात केली. लाल धूळ उठली. नंदुरबारचं माणूस त्या धुळीतच लहानाचं मोठं होतं, त्यामुळे ईश्वरला साधी शिंकही आली नाही. पण एसीच्या वाऱ्यानं ती धूळ उचलली आणि हॉटेल बाहेरची ताजी हवा ज्या तोंडातून आत ओढतं, नेमकी तिथं नेऊन घातली. तिथली जाळी ईश्वरनं त्याच दिवशी धुवायला काढून ठेवली होती!

खाली एक लग्न चाललं होतं. आधी नवरीचे डोळे भरून आले. मग तिच्या आईचे. मग नवऱ्या मुलाचे काका, ज्यांना कोणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेही हुंदके देऊ लागले. काय हळवं लग्न, असं प्रत्येकाला वाटलं. पण शपथ देता देता पाद्रीबाबांना जी शिंकांची माळ लागली ती थांबेचना, तेव्हा कुठं लोक घाबरले. कोणी ओरडलं, "गॅस!" सगळं वऱ्हाड सुटाबुटात समुद्राकडे धावलं आणि खाऱ्या पाण्यानं डोळे धुऊ लागलं. मग तर काय, बघायलाच नको!

आगीचा बंब आला. मुखवटे घातलेली माणसं गच्चीवर चढली. तिथं ईश्वर काठी घेऊन बसलेला आणि बादलीला टेकवलेल्या फोनमधून नंदुरबारच्या बायका त्याला उत्तेजन देताहेत!

"ईश्वर, तुन्हा मांगे चोर!" दगूबाई किंचाळली.

चोरांच्या मागून मॅनेजर मिस जोसेफ आल्या. डोळे लाल, नाक वाहतंय. ईश्वर मान खाली घालून उभा राहिला आणि दगूबाईच्या सगळं ध्यानात आलं. ज्या नोकरीसाठी तिनं पोराला साता समुद्रापार धाडलं, ती तिनंच बसल्या जागी बुडवली होती. पथारीवर आजवर कोणापुढे न नमलेल्या त्या बाईनं फोनपुढे उभं राहून हात जोडले.

"चूक मन्ही शे, बाई. त्याले मी सांगं व्हतं. मन्हा पोऱ्याले काढू नका."

ईश्वरनं अडखळत इंग्रजीत सांगितलं. मिस जोसेफ नाक पुसत निघून गेल्या. दगूबाई त्या रात्री जेवली नाही.

पण ईश्वरला काढणार कसं? धूळ हॉटेलच्या नळीनळीत जाऊन बसली होती. साफ करायला बाहेरून माणसं आणली, ती आत शिरली आणि रडत बाहेर आली. एकटा ईश्वर मात्र आत आडवा पडून गुणगुणत काम करायचा! शेवटी मिस जोसेफनी त्याला कायम केल्याचं पत्र दिलं. बेटावर त्याचं नाव झालं. गाडीत चढला की लोकच आधी गुड मॉर्निंग म्हणू लागले. रविवारी क्रिकेटला बोलावणी येऊ लागली. पोरगा रुळला!

दगूबाईनं साऱ्या पथारीला पेढे वाटले. बेबीबाईला दोन जास्त दिले.

मग ईश्वरचा फोन दिवसाआड येऊ लागला. मग आठवड्यानं. "माय, घाईमा शे, मॅच शे. मंग बोलूत." पुढं पुढं तेवढंही नाही. दगूबाईला घर खायला उठायचं. देठं खुडताना ती फोन मांडीवरच ठेवायची.

एक दिवस तिनं स्वतःच फोन लावला. मागं गाणी वाजत होती, कोणीतरी हसत होतं.

"ईश्वर, काही तरास नही ना?"

"नही, माय! कायजी करू नको."

दगूबाईनं बायकांकडे पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"जरासा बी नही?"