प्रश्न क्रमांक त्रेचाळीस, पर्याय ब

सामान्य ज्ञानावाचून माणसाला कोणतेही काम धड करता येत नाही, हे निवड मंडळाने फार पूर्वीच ओळखले होते. म्हणून पाण्याचे मीटर वाचायला माणूस हवा असला की मंडळ त्याला आधी जगातली सर्वांत लांब नदी विचारी, मग सर्वांत उंच शिखर, मग नेपोलियन शेवटचा कुठे हरला ते. मीटरविषयी प्रश्न नसे. (मीटर काय, कामावर आल्यावर कोणीही दाखवतो. नेपोलियन शिकवत बसायला तेव्हा कोणाला सवड आहे?)

मंडळाच्या आक्षेप कक्षात एक कारकून होते. कक्ष म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि जगाचा एक नकाशा होता, त्यातला अर्धा रशिया ओलीने गेला होता. अधिकृत उत्तर चुकले आहे असे ज्या उमेदवाराला वाटेल त्याने पुराव्यासह अर्ज करायचा आणि कारकुनांनी त्यावर ‘विचार करण्यात आला’ असे लिहायचे, अशी कामाची रास्त वाटणी होती.

यंदा आक्षेप एकच आला. प्रश्न क्रमांक त्रेचाळीस, विभाग भूगोल : तुर्कस्तानची राजधानी कोणती? अधिकृत उत्तर पर्याय ब, इस्तंबूल. अर्जदार बाईंचे म्हणणे पर्याय क, अंकारा. सोबत चार नकाशे आणि विश्वकोशाचे एक पान जोडले होते. बाई गेली नऊ वर्षे रोजंदारीवर मीटरच वाचत होत्या. कायम होण्यासाठी ही परीक्षा लागे, त्यात एका गुणाने त्यांचे नाव यादीबाहेर राहिले होते, आणि वयाची अट पाहता ही त्यांची शेवटची परीक्षा होती.

“मागच्या दोन्ही खेपेला हाच प्रश्न होता,” त्या खुर्चीवर न बसताच म्हणाल्या. “दोन्ही खेपेला अंकारावर खूण केली, आणि एकेका गुणाने गेले.”

“मग यंदा तरी इस्तंबूलवर करायची होतीत.” कारकुनांना खरोखरच कळवळा आला होता.

“पण राजधानी अंकारा आहे ना हो, भाऊ.”

कारकुनांनी नकाशाकडे पाहिले. तो भाग ओलीतून वाचला होता. अंकाराच होती.

अर्ज बिनतोड होता, आणि तिथेच घोडे पेंड खात होते. मंडळाने आकडेवारी मागवली. हा प्रश्न एकवीस वर्षांत, शिपायापासून साहेबापर्यंतच्या पदांसाठी झालेल्या, चौदा परीक्षांना आला होता. त्यांतून नेमलेली माणसे तीनशे बारा. पर्याय ब लिहिणारे तीनशे बारा (तज्ज्ञ समितीचे तिन्ही सदस्य धरून). पर्याय क लिहिणारे, निरंक. एकेका गुणाला साठ-साठ जण लोंबकळत असताना अंकारावाला आपसूकच गळत असे. थोडक्यात, तुर्कस्तानची राजधानी ठाऊक नसलेली माणसे मंडळाने इतकी निवडून पारखून घेतली होती, की चुकूनसुद्धा एकही जाणकार आत शिरला नाही.

उत्तर बदलले तर सगळ्या याद्या बदलणार. साहेब जाणार, तज्ज्ञ जाणार, आणि कारकूनही जाणार, कारण तेही एकाच गुणाने लागले होते. अंकाराचे नाव त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा ऐकले, तेही एका आक्षेपातच.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतले. “स्पष्ट सांगा. आपलं उत्तर चूक आहे का?”

कारकुनांनी बाईंनी जोडलेले विश्वकोशाचे पान रात्री जागून नव्हे, दुपारी चहा पिता पिता वाचले होते. त्यात लिहिले होते की एकोणीसशे तेवीसपूर्वी राजधानी इस्तंबूलच होती.

“चूक नाही म्हणता येणार, साहेब,” ते म्हणाले. “जरा शिळं आहे.”

साहेबांचा चेहरा खुलला. तासाभरात प्रश्न क्रमांक त्रेचाळीस भूगोल विभागातून इतिहास विभागात पूर्वलक्षी प्रभावाने वर्ग करण्यात आला. बाईंना पत्र गेले : ‘भूगोलानुसार आपले म्हणणे योग्य आहे. तथापि प्रश्न इतिहासाचा असल्याने ते गैरलागू ठरते. आपण जोडलेल्या पानाचा निर्णयास मोलाचा उपयोग झाला, त्याबद्दल मंडळ आभारी आहे.’

पत्र कारकुनांनी स्वतःच दिले. बाईंनी ते दोनदा वाचले आणि घडी करून पिशवीत ठेवले.

“सोमवारी नवे अकरा जण येतायत,” त्या म्हणाल्या. “त्यांना मीटर कसा वाचायचा ते मी शिकवायचंय.”

कारकुनांना लाज वाटली. चांगलीच वाटली, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत टिकली. घरी त्यांची मुलगी टेबलावर पुस्तके पसरून बसली होती. पुढच्या वर्षी तीही परीक्षेला बसणार होती.

“बाबा, तुर्कस्तानची राजधानी अंकाराच ना?”

कारकून चपला काढता काढता थांबले. “पर्याय ब,” ते म्हणाले.

“मी राजधानी विचारतेय.”

“आणि मी खूण कुठे करायची ते सांगतोय.”

मुलीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, मग पुस्तकात काहीतरी खोडले.

आता वाचक या गृहस्थांना नावे ठेवतील, तो त्यांचा हक्कच आहे. फक्त त्याआधी एक करावे. जागा अकरा आहेत, एका गुणाला साठ जण लोंबकळताहेत, आणि पेन तुमच्या मुलीच्या हातात आहे. ती तुम्हाला विचारते आहे. उत्तर मंडळाला कळवण्याची आवश्यकता नाही. तुमच्या मनात आत्ता जे आले, ते अधिकृत उत्तराशी जुळले आहे.