ओढ्याचे पहारेकरी

हिर्डोशीला मास्तर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच सकाळी ओढ्यावर धोतर धुवायला बसलो, तर मागून डरकाळी आली, "मास्तर, उठा! पानी खाली जातंय!"

आता पाणी खाली नाही जाणार तर काय वर जाणार? मी चिडून वळलो. जंगलखात्याचे गार्ड आबा खाकी टोपी सावरत उभे होते. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि लांब खडकावर बादलीत धोतर धुवायला लावलं.

माणसांवर असे खेकसणारे आबा म्हशींशी मात्र अदबीनं बोलत. डोहात म्हैस दिसली की काठी काखेत मारून हात जोडायचे, "उठा बाईसाब. लई झालं." बाईसाहेब ढिम्म! मग पाण्यात उतरून शेपूट पिरगाळायचे, तेही "माफी असावी" म्हणून.

एकदा रेंजरसाहेब कावले, "अहो, तुमची नेमणूक झाडांवर आहे!"

"झाडं हितंच ऱ्हात्यात, साहेब. पळतंय ते पानी."

साहेबांनी कपाळाला हात लावला.

ह्या नादाचं मूळ गावानं मला हसत हसत सांगितलं. आबांची एकुलती लेक चंद्रा ह्याच ओढ्याच्या खालच्या वाडीत दिलेली. लग्नाच्या पंगतीत आबांनी तांब्या तोंडाला लावला आणि पचकन थुंकले, "ह्यात म्हस बसलीया!" व्याही भडकले, "पानी तुमच्याच गावाकडनं येतंय की!" झालं! तेव्हापासून चंद्राला माहेर बंद, आबांना वाडी बंद. आणि आबा ओढ्यावर.

मीही पोट धरून हसलो होतो.

पुढं शाळेत न येणाऱ्या पोरांना बोलवायला मी वाडीत गेलो. ओढ्यावर चंद्रा हंडा भरत होती. मी हिर्डोशीचा मास्तर म्हटल्यावर तिनं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं आणि हसली. "आबा बरं हाईत म्हनायचं."

"तुला गं कसं कळलं?"

"नितळ हाय न्हवं, गुरुजी. येक दिस जरी गडूळ आलं, तर माझ्या पोटात गोळा येतो."

परतल्यावर आबांना हे सांगितलं. त्यांनी टोपी काढून तिच्यानंच डोळे पुसले आणि डोहाकडे निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते तापानं फणफणले. बघायला गेलो तर धडपडत उठून काठी शोधत होते. "सोडा मला, मास्तर. चंद्रीच्या पोटात गोळा येईल."

मी त्यांना दटावून निजवलं. काठी घेतली, धोतर खोचलं आणि थेट डोहात उतरलो. सगळा गाव हसायला काठावर जमला. हसू दे!

मी हात जोडले. "उठा बाईसाब. लई झालं."