इंगळे सरांचे सतरा झाडू

उंच मुलगा दिसला की आमचे शेजारी इंगळे सर त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या देतात आणि उलटं चालायला लावतात. मेहकरच्या स्टँडवर तांब्या नसेल तर रसवंतीतला ग्लास. सर शाळेत बास्केटबॉल शिकवायचे. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तांब्या रिटायर झाला नाही. पाणी सांडलं की म्हणतात, "उंची दिसते बे, गुडघे दिसत नाहीत."

घरात माणूस एकटा आणि झाडू सतरा. मी म्हणायची, "सर, मन झाडून राह्यले काय?" ते नुसते हसायचे.

उंचीच्या बाबतीत मी खरं तर तोंड उघडू नये. विसाव्या वर्षी मला बघायला आलेला मुलगा दारातून वाकून आत शिरला आणि मी पोह्यांची बशी हातात घेऊनच मनात होकार दिला. नोकरी, स्वभाव, काही विचारलं नाही. माळ्यावरचे डबे काढायला स्टूल लागणार नाही, एवढाच माझा संसाराचा विचार. लग्नानंतर कळलं, यांना मान वर केली की चक्कर येते. पन्नास वर्षं स्टुलावर मीच चढते आहे. हे स्टूल धरतात.

तरी अक्कल आली नाही. नातू ओंकार सोळाव्या वर्षी सहा फूट चार इंच झाला. बॉल हातात घेऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते, तेवढ्यात मोठ्या शहरातल्या एका क्लबचा माणूस घरी आला. शाळा सोडा, आमच्याकडे राहा, वर्षभरात मोठ्यांच्या टीममध्ये घेतो. सही मागत होता. पेन शोधायला सगळ्यात आधी मी उठले.

तेवढ्यात सर तांब्या घेऊन आले. ओंकार चार पावलं उलटा चालला आणि निम्मं पाणी पाहुण्याने दारात काढलेल्या बुटात.

"उडी मार," सर म्हणाले. त्यांचं लक्ष पायांकडे. "डावा पाय चोरतं तू. दुखते काय बे?"

"थोडंसं," ओंकार पुटपुटला. आम्हाला कधी बोलला नव्हता.

"आमच्याकडे फिजिओ आहे," पाहुणा म्हणाला.

"गुडघा गेला तर पोरगा तुमच्याकडं राहीन का आमच्याकडं येईन?"

पाहुण्याने बुटातलं पाणी ओतलं. मी पेन परत डब्यात टाकला.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाड अजून वाढतंय. तीन महिने आराम, मग हळूहळू खेळू दे. वेळेवर आणलंत. येताना मी रिक्षावाल्यालाही रस पाजला.

पेढे घेऊन सरांकडे गेले, तर दारामागे अठरावा झाडू.

"सर, आता तरी सांगा. झाडूच काऊन?"

सरांनी झाडू भिंतीला सरळ टेकवला. "धामणगाव बढ्याले एक दुकान आहे. तिथं माझ्या शाळेतला जुना पोरगा बसते, तुमच्या ओंकारएवढाच लंबा. सोळाव्या वर्षी मीच धाडलं होतं त्याले, असंच. बापाची सही मीच करवली. सालभरात गुडघा गेला."

"बोलते का तुमच्याशी?"

"'काय पाह्यजे सर,' इतकंच. झाडू सगळ्यात वर टांगलेले असतात, वहिनी. काढाले त्याले टाचा उचला लागतात. मंग मी त्याचा गुडघा पाहतो."

मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"या आठवडी बजाराले," सर म्हणाले, "भिंत न धरता काढला त्यानं."