एकतीस शाली

"सगळ्यांचा नको हो डॉक्टर. फक्त गांगुर्डे सरांचा एक छोटासा सत्कार करू," असं सईच म्हणाली होती. त्यामुळे पुढचा दोष तिला कुणावर ढकलता येईना.

सई अहिरे चेलो, म्हणजे खुर्चीत बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायची. मुंबईच्या एका मोठ्या वाद्यवृंदात चेलोची एक जागा निघाली होती. अशी जागा याआधी निघाली तेव्हा सई नववीत होती. अर्जाची अट साधी होती: एक पूर्ण कॉन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याने अख्ख्या वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, तिचा सलग, न कापलेला व्हिडिओ, आणि चेलोवादक नि वाद्यवृंद शेवटपर्यंत एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. तिचा कॉन्चेर्टो पंचवीस मिनिटांचा होता. नाशिकमध्ये तिच्या ओळखीचा वाद्यवृंद एकच, दर रविवारी शाळेच्या वर्गात जमणाऱ्या एकतीस हौशी लोकांचा. त्यांच्यासोबत सभागृहात एक कार्यक्रम करायचा आणि त्याचाच व्हिडिओ काढायचा, असं ठरलं होतं; सत्कारही त्याच कार्यक्रमात. दातांचे डॉक्टर राकेश बोरस्ते त्याचे संचालक. मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले गांगुर्डे सरही त्यातच वाजवायचे. सईच्या हातात पहिला चेलो त्यांनीच दिला होता.

सत्काराची बातमी व्हायोलिनवाल्या कुसुमताईंपर्यंत पोचली. "करा ना, जरूर करा," त्या म्हणाल्या. "आम्ही काय, सातपूरहून दोन रिक्षा बदलून सात वर्षं येतोच आहोत."

डॉक्टर घाबरले. "सई, कुसुमताई रुसल्या की मागच्या चौघी रुसतात. व्हायोलिनच उरणार नाहीत. आणि या लोकांना आपण देतो काय? चहा!"

म्हणून सत्कार एकतीस जणांचा ठरला. शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे निफाडचे बागायतदार सावळीरामअण्णा असल्यामुळे द्राक्षांची एकेक पेटी.

"मग वादनानंतर करू या," सई म्हणाली.

"नंतर कोण थांबतंय? घरचे लोक फोटोसाठीच येतात."

सभागृह साडेसहा ते साडेआठ मिळालं होतं. एकतीस खुर्च्यांनंतर शाली-नारळांचं टेबल मावेना, म्हणून सईची खुर्ची तीन फूट पुढे सरकवली. ती आता पडद्याच्या रेषेबाहेर आली होती, पण तेव्हा याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दीपप्रज्वलन आणि भाषणं पस्तीस मिनिटं चालली. सई विंगेत घड्याळ बघत उभी होती. एका सत्काराला दोन मिनिटं, एकतीस सत्कारांना बासष्ट. उरली तेवीस.

ती पडदा सांभाळणाऱ्या भिकनकडे गेली. "दादा, फक्त दोन मिनिटं जास्त द्याल?"

"साडेआठ म्हंजे साडेआठ, मॅडम. पुढं दुसरा प्रोग्राम हाय. मागच्या टायमाला दोन मिनिटं दिली, तर साहेबांनी मलाच झापलं."

दोन मिनिटं म्हणजे बरोबर एक सत्कार. कुणाचा, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

ती वाजवायला बसली आणि जन्मात वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवलं. तालमीत चेलोचा एकल भाग संपला की वाद्यवृंदाने एकदम एन्ट्री घ्यायची, तिथे दर वेळी कुणीतरी चुकायचं. आजही चुकलं, दोनदा. तरी कुणी थांबलं नाही. तेविसावं मिनिट संपलं, भिकनने बटण दाबलं आणि सईच्या पाठीमागे लाल पडदा शांतपणे खाली आला.

पडद्याआड आधी व्हायोलिनं थांबली, मग बाकीचे. खुर्च्या सरकल्या. "माझी द्राक्षांची पेटी कुठंय?" असं कुणीतरी विचारलं. सई एकटीच शेवटपर्यंत वाजवत राहिली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, असंच असतं.

पडदा बाजूला सारून गांगुर्डे सर बाहेर आले. अंगावर शाल तशीच.

"अगं, पडदा पडल्यावर कशाला वाजवत बसलीस?"

"दोन मिनिटं राहिली होती, सर."

"जाऊ दे. कार्यक्रम झकास झाला. पोरी, छत्तीस वर्षं नोकरी केली, पण असा सत्कार पहिल्यांदाच झाला बघ माझा."

सई "हो सर" म्हणाली आणि चेलो पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. सकाळी तिने तो पाहिला. शेवटची दोन मिनिटं लाल पडद्यापुढे ती एकटीच दिसत होती. तिने व्हिडिओ मागे, सत्कारापर्यंत नेला. तिथे पूर्ण बासष्ट मिनिटं अख्खा वाद्यवृंद चौकटीत होता. नाव पुकारलं की उठायचं, वाकायचं, शाल, नारळ, पेटी, फोटो, बसायचं.

एकतीस जणांपैकी एकानेही आपली एन्ट्री चुकवली नव्हती.