अमडापूरची नक्कल

आमचे शेजारी वामनराव यांना मुलगा झाला तेव्हा नर्सने बाळ दुपट्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. वामनरावांनी बाळाकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं आणि विचारलं, "याची नक्कल कुठं हाये?" बुलढाण्यात ही गोष्ट खोटी मानणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण इतक्या वेळा सांगितली आहे की आता तो दवाखाना आणि ती नर्स मला स्वच्छ आठवतात.

दोष त्यांचा नव्हे. सारी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. अस्सल कागदावरून नक्कल करायची, शिक्का मारायचा, सही करायची. निवृत्त झाल्यावर शिक्का सुटला, सवय सुटली नाही. घरात दोन छत्र्या, दोन कंदील, दोन घड्याळं. दोन्ही घड्याळांत दहा मिनिटांचं अंतर, त्यामुळे घरात खरी वेळ कोणालाच ठाऊक नसे. काकू म्हणायच्या, "माही तेवढी नक्कल नाही काढली, नशीब माहं." त्यावर वामनराव गंभीरपणे म्हणत, "तुही नक्कल काढाले सरकारपाशी तेवढा कागद नोता."

अशा माणसाच्या घरी वाळवी शिरली आणि तिने नेमके फोटोंचे अल्बम धरले. निम्मे आजोबा खाल्ले. आत्याच्या लग्नातला नवरदेव तर फेट्यासकट फस्त केला. वामनराव हादरले. मुलाने पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला होता, तो तोवर विणलेल्या रुमालाखाली देवासारखा बसून होता. आता त्याला कामाला लावलं. उरलेले सगळे फोटो माझ्याकडून त्यात उतरवून घेतले. आई, वडील, मुंजी, बारशी, लेकीचं लग्न. बरं झालं, कारण वर्षभरात वाळवीने कागदावरचे बाकीचेही संपवले. आता त्या घराण्याचे चेहरे जगात एका डब्यातच होते, आणि त्या डब्याकडे बोट दाखवून वामनरावांनी मला विचारलं, "मास्तर, याची नक्कल कुठं हाये?"

मी चार सीड्या काढून दिल्या आणि म्हणालो, "कपाटात ठेवा."

"चारी कपाटात? घर जळालं का चारी गेल्या! एका घरात चार नकला म्हणजे एकच नक्कल."

मुद्दा बिनतोड होता. मग सुरक्षित घरं कोणती, यावर आठ दिवस विचार चालला. वामनरावांनी मुलीच्या स्थळासाठीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. एक सीडी घरात राहिली. एक सोनाळ्याला बहिणीकडे गेली, एक जावयाकडे. चौथीसाठी त्यांनी नाव काढलं ते धाकट्या भावाचं, अमडापूरच्या गजाभाऊंचं. मी उडालोच. त्या दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. वामनरावांच्या लेकीच्या लग्नात सारं घर फोटोला उभं राहिलं, तेव्हा गजाभाऊ तिकडे दुसरी पंगत वाढत होते. कोणी हाक मारली नाही. कळल्यावर गजाभाऊंनी बुंदीची बादली खाली ठेवली. "मी घरचा कायचा? मी तं वाढपी," एवढंच म्हणाले आणि मुलीच्या पाठवणीलाही थांबले नाहीत.

"त्यांच्याकडे कशी ठेवता?" मी विचारलं.

"तुमाले नाही समजत. प्रेमाची माणसं वस्तू वापरतात. रुसलेला माणूस हात लावत नाही."

एका ओळखीच्या माणसाच्या हाती ती सीडी अमडापूरला गेली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. परतही आली नाही, एवढाच काय तो गजाभाऊंचा जबाब.

पुढे एका सकाळी कॉम्प्युटर सुपारी फोडल्यासारखा कटकट वाजला आणि थंड पडला. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क काढून "गेली" म्हटलं, तेव्हा वामनरावांनी नकळत टोपी काढली.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "नकला हायेत."

घरची सीडी आणली. ती वामनरावांनी तुरीच्या डाळीसारखी टिकवली होती. एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाच्या पाल्यात घालून, दर उन्हाळ्यात पत्र्यावर कडकडीत ऊन दाखवून. तिचा असा पापड झाला होता की काकूंनी कढई ठेवली असती तर मी दचकलो नसतो. सोनाळ्याच्या बहिणीने फोनवर कौतुकाने सांगितलं, "दादा, लय कामाची वस्तू देल्ली! संत्र्याच्या झाडाले बांधली, एक राघू येत नाही पाय!" जावयाने जीपच्या आरशाला लटकवली होती. ती चिखलीच्या पुढे कुठेतरी वाऱ्याबरोबर गेली.

राहिलं अमडापूर.

वामनराव दोन दिवस गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. शेवटी काकू कडाडल्या, "जा नं! मामंजी, सासूबाई, लेकीचं लगन, सारं तिथी पडून हाये. भावाले मांगायले तोंड नाही काय तुमाले?"

"हाये. पण एकच हाये," वामनराव म्हणाले, आणि मला सोबत घेऊन निघाले.

गजाभाऊ अंगणात बसले होते. आम्हाला पाहून उठले, खाट झटकली, पाणी आणलं आणि माझ्याकडे तोंड करून बसले. वामनरावही माझ्याकडे तोंड करून बसले. त्या दिवशी मी जगातला सर्वांत जास्त पाहिला गेलेला माणूस असेन.

"मास्तर, यायले सांगा, माही एक वस्तू हाये यायच्यापाशी."

"मास्तर, यायले सांगा, हाये."

"मास्तर, यायले विचारा, धड हाये का?"

गजाभाऊ उठून आत गेले. ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी एक गाठोडं काढलं. धोतराचा तुकडा, त्यात दुसरा तुकडा, त्यात सीडी. आरशासारखी लख्ख. काकूंची शपथ घेऊन सांगतो, तिच्यात पाहून मी केस सारखे केले.

"गजाभाऊ, यात काय आहे ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मले काय मालूम? अक्षर नाही, चित्र नाही. दादाच्या घरून आलं, एवढं मालूम."

वामनरावांनी हात पुढे केला. गजाभाऊंनी गाठोडं छातीशी धरलं. "मास्तर, यायले सांगा, मी सोता घेऊन येतो. यायच्या हातून पडीन."

तिघे एसटीने बुलढाण्याला आलो. माझ्या कॉम्प्युटरवर सीडी चालली. आई आली, वडील आले, मुंजीतले गोटे आले. गजाभाऊ खुर्चीच्या टोकावर, वामनराव उभे. मग लेकीच्या लग्नाचा तो फोटो आला, सगळे ओळीत उभे असलेला. मी घाईघाईने पुढचा लावला.

पुढच्यात नुसती पंगत होती. पत्रावळींवर वाकलेला एक माणूस, पाठ आपल्याकडे, हातात बादली. मला आठवलं, हा फोटो बिघडलेला म्हणून मी स्कॅन करत नव्हतो, तर वामनराव माझ्यावर केवढे ओरडले होते!

"हे पाठ कोणाची व्हय?" गजाभाऊंनी विचारलं. पहिल्यांदाच माझ्याकडे न पाहता.

"तुहीच हाये बे," वामनराव म्हणाले. "तोंड असलेला एकही नाही सापडला त्या दिवसाचा. लय धुंडला."

गजाभाऊ त्या पाठीकडे पाहत राहिले. वामनरावांनी चष्मा पुसला, मग दुसरा चष्मा काढून तोही पुसला.

आता यापुढे काय, असा प्रश्न होता. खरं सांगायचं तर एक चांगली बाहेरची डिस्क आणली असती तर सगळं भागत होतं. पण आयुष्यभर थापा मारल्या त्या अशा वेळी कामी याव्यात म्हणूनच, असं मला वाटलं. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "शास्त्र असं आहे की दुसऱ्या गावची नक्कल दर महिन्याला बदलावी लागते. जुनी द्यायची, नवी घ्यायची. आणि ती घरच्याच माणसाने, समक्ष. नाहीतर फोटो विरतात."

"दर महिन्याले?" वामनराव म्हणाले. नक्कल विभागात नोकरी झालेला माणूस तो. खोटा कागद त्यांना लांबून ओळखू येई. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "असन बापा. शास्त्र हाये तं करा लागीन."

गजाभाऊंनी सीडी दोन्ही फडक्यांत नीट गुंडाळली, गाठ मारली, आणि मान वर न करता विचारलं, "काऊन दादा, आठ दिवसाले बदलली तं जास्त पक्कं नाही राहणार काय?"