अकरा नंबरची लाइन

आमच्याकडे नवा मुलगा राहायला आला, की गणपतकाका त्याचं नाव नंतर विचारतात. आधी दारावर खडूनं आकडा लिहितात. एक किंवा सहा.

काकांची सगळी नोकरी पूर्णेला रेल्वेगाड्यांना सिग्नल देण्यात गेली. आता ते परभणीत आमचे घरमालक आहेत. नऊ खोल्या, नऊ राउटर. सगळे वायफायच्या एकाच चॅनलवर आले, की कुणाचंच नेट धड चालत नाही. म्हणून हे आकडे.

काका सांगतात, "लाइनी तीनच. एक, सहा, अकरा. बाकीच्या एकमेकीत घुसतात."

माझ्या शेजारच्या खोलीतल्या विठ्ठलनं एकदा तीन नंबर लावला. काका दारात हजर. "दोन रुळांच्या मधी गाडी लावलीस व्हय रे लेका? हिकडच्यालाबी अडवायलास, तिकडच्यालाबी."

अकरा मात्र ते स्वतःकडे ठेवतात, कुणालाच देत नाहीत. "काका एकटेच सिनेमे बघायलेत," असं आम्ही म्हणायचो. मीही हसायचो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळचे पाच वाजले, तरी कागद साइटवर चढेनात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; घरी कुणाला विचारणार? काकांना विचारायचा धीर झाला नाही. मी गुपचूप अकरा लावला. कागद भराभर चढू लागले. पण मन खायला लागलं, म्हणून खाली सांगायला गेलो.

काका डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर बसले होते. पडद्यावर एक म्हातारी बाई, बोट हवेत अडकलेलं.

"काका, अकरावर मी आहे."

ते रागावले नाहीत. "ही माझी मेव्हणी, जिंतूरची. दोघी बहिणींना जन्मापासून ऐकू येत न्हाई. रोज पाचला हातांनी बोलायच्या. तुझी काकू गेली, आता मी बसतो. मला मोडकंतोडकंच येतं. ड्युटीच्या नादात शिकायचं राहिलं. चित्र अडकलं, की शब्दच हरवतो बग." मग म्हणाले, "अर्ज गेला का तुझा?"

मी वर पळालो. अर्ज गेला होता. सहा लावून परत आलो.

चित्र हललं. बाईंचं बोट हळूच हनुवटीवर टेकलं. काकांनीही आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं.

"हे काकूचं नाव," काका म्हणाले. "तिथं गोंदलेलं होतं तिच्या. हे नाव घेणारी आता आमी दोघंच."